फायरवॉलमधून कोणतं ॲप्लिकेशन जाऊ द्यायचं: रूल लिहिण्याआधी आणि नंतर

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: दीडएकशे लोकांचं ऑफिस आहे. फक्त पोर्ट (कनेक्शन ज्या दारातून जातं त्याचा क्रमांक) बघणारी जुनी फायरवॉल काढून ॲप्लिकेशन कंट्रोल असलेली नवी बसवली. टोरेंट, रिमोट ॲक्सेसची टूल्स आणि व्हीपीएन या तिन्ही कॅटेगरी ब्लॉक केल्या. तरी एक रिमोट टूल बिनधास्त चालतंय आणि ज्याला कोणी हात लावला नव्हता त्या व्हिडिओ मीटिंगा मात्र अडखळतायत. आपल्याला हवी तीच ॲप्लिकेशन्स जातील, बाकी अडतील, असं करायचं कसं?

आधी एक गैरसमज दूर करू, कारण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच तिथूनच सुरू होतात. नेटवर्क फायरवॉलला ॲप्लिकेशन दिसत नाही. लॅपटॉपवर कोणता प्रोग्राम उघडलाय हे तिला कळायला मार्गच नसतो. तिच्यासमोरून पॅकेट्स जातात, त्यातलं बोलणं ऐकून ‘हे अमुक असावं’ असा अंदाज ती बांधते. विंडोजची स्वतःची फायरवॉल प्रोग्रामच्या पाथवरून रूल लावू शकते, कारण ती त्याच मशीनवर बसलेली असते. तेव्हा ‘हा ब्राउझर चालेल, तो चालणार नाही’ किंवा ‘हे टूल कोणी इन्स्टॉलच करू नये’ अशी अपेक्षा असेल, तर ते काम विंडोजच्या ॲपलॉकरसारख्या, म्हणजे मशीनवर कोणते प्रोग्राम चालतील ते ठरवणाऱ्या, गोष्टीवर सोपवा. नेटवर्कच्या दारात बसून ते नीट होत नाही.

हा अंदाज करावा का लागतो? एके काळी पोर्ट नंबर म्हणजेच ॲप्लिकेशन असं मानून चालत होतं. २५ म्हणजे मेल, ८० म्हणजे वेब, २२ म्हणजे एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगिन. पुढे सगळ्यांनाच कळलं की कुठल्याही ऑफिसात ८० आणि ४४३ ही दोन पोर्ट्स उघडी असतातच, आणि जो तो तिथूनच जायला लागला. स्काइप यासाठी प्रसिद्ध होतं. सरळ वाट मिळाली नाही की ते ८० किंवा ४४३ वरून निसटायचं. २००७ मध्ये पालो आल्टो नेटवर्क्सची पहिली फायरवॉल बाजारात आली ती हाच मुद्दा घेऊन: पोर्ट काहीही असो, आत काय चाललंय त्यावरून नाव ठरवायचं. आज जवळपास प्रत्येक कंपनीच्या बॉक्समध्ये ही सोय आहे. नावं वेगळी, मेनू वेगळे, आतली कल्पना एकच.

पण या कल्पनेत एक अडचण मुळातच आहे आणि ती कोणतीही कंपनी काढू शकत नाही. नाव ठरवायला आधी थोडं बोलणं ऐकावं लागतं. टीसीपीच्या (आधी जोडणी करून मग डेटा पाठवण्याच्या पद्धतीच्या) पहिल्या तीन पॅकेट्समध्ये फक्त ‘जोडू का, जोडूया, जोडलं’ एवढंच असतं. ॲप्लिकेशनचा त्यात मागमूस नसतो. म्हणजे ओळख पटेपर्यंत काही पॅकेट्स आत-बाहेर जाऊ द्यावीच लागतात. ओळख हे कायम वरातीमागून येणारं घोडं आहे, हे एकदा मनात पक्कं बसलं की रूल लिहिण्याच्या पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप सुचतात.

पहिली म्हणजे पोर्ट सोडायचं नाही. ‘आता ॲप ओळखता येतंय ना, मग पोर्टच्या जागी एनी टाकू’ ही नव्या फायरवॉलवर हमखास होणारी चूक. एनी टाकलंत की ओळख पटण्यासाठी म्हणून प्रत्येक पोर्टवरून सुरुवातीची पॅकेट्स जाऊ लागतात. बाहेरून कोणी स्कॅन केलं तर दारं उघडी दिसतात. आतल्या बाधित मशीनलाही बाहेर दोन-चार पॅकेट्स पाठवायला मोकळं रान मिळतं. प्रत्येक ॲपला त्याच्या नेहमीच्या पोर्टशी बांधा. पालो आल्टोवर यासाठी ‘ॲप्लिकेशन-डीफॉल्ट’ असा पर्यायच आहे. फोर्टिनेटच्या फोर्टिगेट फायरवॉलवर नेहमीच्या पद्धतीने काम करत असाल तर पॉलिसीतलं सर्व्हिस, म्हणजे पोर्ट, आधी जुळतं आणि ॲप्लिकेशन कंट्रोलचं प्रोफाइल त्यावर लागतं. तिथे सर्व्हिसमध्ये ‘ऑल’ ठेवू नका. डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) ५३ वर, एसएसएच २२ वर. कोणी ४४३ वरून एसएसएच करत असेल तर ते अडलंच पाहिजे.

दुसरी गोष्ट थोडी किचकट आहे. एकाच सेशनचं नाव मध्येच बदलतं. कोणी ड्रॉपबॉक्स उघडलं की फायरवॉलला आधी नुसतं ‘एसएसएल’ दिसतं, आणखी काही पॅकेट्सनंतर ‘ड्रॉपबॉक्स’. नाव बदललं की पॉलिसी वरपासून पुन्हा तपासली जाते. आता समजा, तुम्ही फक्त ‘ड्रॉपबॉक्स चालेल’ असा रूल लिहिला आणि त्याखाली सगळं बंद केलं. काही बॉक्स स्वतःहून समजून घेतात आणि ओळख पटेपर्यंत वाट मोकळी ठेवतात. काही ॲप्ससाठी मात्र खालचं ‘एसएसएल’ किंवा ‘वेब ब्राउझिंग’ तुम्हाला वेगळं उघडावं लागतं, नाहीतर ओळख पटायच्या आतच सेशन मरतं. आणि मग लोक वैतागून ‘एसएसएल’ सगळ्यांसाठी, सगळीकडे उघडून टाकतात. इथेच घोडं पेंड खातं. ‘एसएसएल’ हे ॲप्लिकेशन नाही. ते ‘अजून ओळखलं नाही, पण कुलूपबंद आहे’ याचं सभ्य नाव आहे. ते उघडायचंच असेल तर विशिष्ट डोमेन किंवा यूआरएल कॅटेगरीपुरतं उघडा.

आता तुमचं ते रिमोट टूल. कॅटेगरी ब्लॉक असूनही ते चालतंय, याची कारणं मी कोणत्या क्रमाने तपासतो ते सांगतो. आधी आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत. हसू नका. रूल आयपीव्ही४ चे लिहिलेत, इंटरनेट देणाऱ्याने आयपीव्ही६ सुरू केलंय, आणि लॅपटॉप शक्य असेल तेव्हा आयपीव्ही६ नेच जातो. सगळी तटबंदी पुढच्या दारात आणि मागचं दार सताड उघडं. त्यानंतर, ते मशीन खरंच तुमच्या फायरवॉलमधून जातंय का? फोनच्या हॉटस्पॉटवर असलेल्या माणसाची तक्रार मी एकदा पाऊण दिवस फायरवॉलच्या लॉगमध्ये शोधत होतो. मग जुनं सेशन: रूल बदलण्याआधी जोडलेलं कनेक्शन काही बॉक्स नव्याने तपासतात, काही तसंच चालू ठेवतात, आणि हे बऱ्याचदा एका सेटिंगवर ठरतं. ते सेशन हाताने तोडून पुन्हा बघा. ॲप ओळखायला दोन्ही दिशांचं बोलणं ऐकू यावं लागतं, त्यामुळे दोन लिंक असतील आणि ट्रॅफिक एकीकडून जाऊन दुसरीकडून परत येत असेल तर ओळख लंगडी पडते. हे सगळं ठीक असेल तर शेवटचं आणि सर्वांत संभवनीय कारण उरतं: ते टूल स्वतःच्या रिले सर्व्हरशी ४४३ वरून बोलतंय, तुमची सिग्नेचर (फायरवॉलमधली ॲप ओळखण्याची खूण) त्याची नवी आवृत्ती ओळखत नाही, त्याला ‘एसएसएल’ किंवा ‘अननोन’ असं नाव पडतंय, आणि खालचा कुठला तरी उदार रूल त्याला सोडतोय.

म्हणजे दोष सिग्नेचरचा कमी, रूल कसे रचलेत त्याचा जास्त. नको ती नावं ब्लॉक करत गेलात तर हा पाठलाग कधीच संपत नाही; रोज नवं टूल येणार, फायरवॉलला ते उशिरा कळणार. हवी ती नावं लिहून ठेवा आणि शेवटी सगळं बंद करा, म्हणजे जे ओळखता आलं नाही ते आपोआप अडतं. ‘अननोन’ला वाट मिळणं हाच सगळ्यात मोठा खड्डा आहे.

यावर लगेच ‘मग ऑफिस बंद पडेल’ असं उत्तर येतं. पहिल्याच दिवशी केलंत तर पडेलच. मी आधी सगळं जाऊ देतो, पण प्रत्येक सेशनचा लॉग ठेवतो, निदान एक महिना. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट झाल्यासारखं वाटतं आणि तिथेच माणूस फसतो, कारण महिनाअखेरीची कामं, पगाराची फाइल, लायसन्सची तपासणी हे सगळं त्या दोन आठवड्यांत येतच नाही. त्या लॉगमधून कोण, कशासाठी, कोणत्या पोर्टवरून जातंय याचे गट पाडा आणि एकेक गट वर नेमक्या रूलमध्ये आणत जा. खालचा ‘सगळं चालेल’ वाला रूल असा हळूहळू ओस पडत जातो. त्याच्यावर आठवडाभर कामाचं काही लागलं नाही की तो बंद करायचा.

सुरुवात कुठून करायची? बहुतेक जण माणसांच्या लॅपटॉपपासून करतात. मी सर्व्हरपासून करतो. माणसं दिवसभरात शंभर ठिकाणी जातात, सर्व्हरला मोजून चार ठिकाणी जायचं असतं: अपडेट, वेळ जुळवणं, एखादी एपीआय, बॅकअप. तिथे ॲप, पोर्ट आणि जायचं ठिकाण अशी तिन्ही बंधनं घालता येतात आणि कोणाची कुरकुरही येत नाही. शिवाय खरा लाभ तिथेच दिसतो. सर्व्हरमध्ये शिरलेला माणूस पुढचं पाऊल म्हणून बाहेर कनेक्शन उघडायला बघतो, आणि तेही ४४३ वरून, कारण ते उघडं असतं. पोर्ट बघणारी जुनी फायरवॉल ते सोडून देते. ॲप बघणारी म्हणते, पोर्ट ४४३ आहे पण हे बोलणं टीएलएसचं (एसएसएलच्या नव्या अवताराचं) नाही. लॉगमध्ये ‘४४३ वर अननोन-टीसीपी’ दिसलं आणि ते सर्व्हरवरून निघालेलं असलं, तर हातातलं काम सोडून आधी तिकडे बघा.

माणसांच्या रूलमध्ये मी डीएनएस सर्वांत वर ठेवतो. ५३ आणि ८५३ (कुलूपबंद डीएनएसचं) ही पोर्ट्स बाहेर फक्त आपल्या रिझॉल्व्हरलाच, म्हणजे डीएनएस सर्व्हरलाच, उघडी, बाकी सगळ्यांना बंद. त्यानंतर अपडेट्स, मग गटागटाने कामाची ॲप्स, खाली यूआरएल फिल्टर लावून साधं ब्राउझिंग, आणि तळाला लॉगसहित बंद. रूल आयपीवर न लिहिता यूजर-ग्रुपवर लिहिता आले तर फारच छान, पण आधी यूजर-ओळख विश्वासार्ह आहे ना ते बघा. फायरवॉलने एका माणसाला दुसराच समजणं यासारखा मनस्ताप नाही.

आता टीएलएस. पूर्वी कुलूपबंद ट्रॅफिकमध्येही दोन गोष्टी उघड्यावर दिसायच्या: सुरुवातीच्या क्लायंट-हॅलोमधलं सर्व्हरचं नाव, ज्याला एसएनआय म्हणतात, आणि सर्व्हरने दाखवलेलं सर्टिफिकेट. २०१८ मध्ये टीएलएस १.३ आलं आणि सर्टिफिकेट झाकलं गेलं. उरलं एसएनआय. आजची बरीच ओळख त्या एका नावावर उभी आहे. त्यामुळे कुलूप न उघडता ‘हे अमुक सेवेचं ट्रॅफिक आहे’ एवढं कळू शकतं, पण त्यात माणूस फाइल चढवतोय की उतरवतोय, खातं ऑफिसचं आहे की घरचं, हे कळत नाही. तसे बारीक रूल मेनूमध्ये दिसतात, टिकही करता येतात, आणि डिक्रिप्शन (फायरवॉलने मध्येच कुलूप उघडून वाचणं) नसेल तर ते नुसतेच शोभेला राहतात. ‘अपलोड ब्लॉक केलं तरी होतंय’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

क्विकमुळे यात आणखी गुंता झाला. क्विक ही वेब ट्रॅफिकची नवी पद्धत; तिच्यावर चालणारं एचटीटीपी/३ चं ट्रॅफिक टीसीपीऐवजी यूडीपी (आधी जोडणी न करता पॅकेट्स पाठवणारी पद्धत) ४४३ वरून जातं. यातला सुरुवातीचा निरोप झाकलेला असला तरी त्याची किल्ली त्याच पॅकेटवरून काढता येते, म्हणून नव्या फायरवॉल नाव वाचू शकतात. जुन्यांना ते जमत नाही. डिक्रिप्शन करणार असाल आणि तुमचा बॉक्स क्विक उघडू शकत नसेल तर यूडीपी ४४३ बाहेर बंद करा. ब्राउझर मुकाट्याने टीसीपीवर येतात. डिक्रिप्शन करणार नसाल आणि बॉक्स नाव नीट वाचत असेल तर उगाच बंद करण्यात मला अर्थ दिसत नाही.

एक प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा. एप्रिल २०२४ मध्ये क्रोमच्या १२४ व्या आवृत्तीने क्वांटम-सुरक्षित किल्ली डेस्कटॉपवर सर्वांसाठी सुरू केली. ती किल्लीच ११८४ बाइट्सची, त्यामुळे क्लायंट-हॅलो एका पॅकेटमध्ये मावेना. दोन पॅकेट्समध्ये जाऊ लागला. हॅलो एकाच पॅकेटमध्ये येणार असं गृहीत धरून बसलेली काही उपकरणं तिथेच गांगरली आणि चालू साइट्स उघडेनाशा झाल्या. रूलमध्ये कोणी काहीच बदललेलं नव्हतं. ‘काल चालत होतं’ या वाक्यामागे ब्राउझरचं अपडेटही असू शकतं. फर्मवेअर जुनं ठेवू नका.

याच्या पुढची पायरी म्हणजे ईसीएच, अर्थात एन्क्रिप्टेड क्लायंट-हॅलो. त्यात एसएनआयसुद्धा झाकलं जातं आणि बाहेरून फक्त मधल्या मोठ्या सीडीएनचं (अनेक साइट्स पुरवणाऱ्या सर्व्हर-जाळ्याचं) नाव दिसतं. त्यासाठी लागणारी किल्ली ब्राउझरला डीएनएसमधून मिळते, म्हणून डीएनएस वर ठेवा असं मी मघाशी म्हटलं. डीएनएस स्वतःच एचटीटीपीएसमधून, म्हणजे डीओएच वापरून, बाहेर गेलं तर तुमचा रिझॉल्व्हर आंधळा होतो. फायरवॉलमध्ये डीओएचसाठी वेगळी ओळख असते, ती ब्लॉक करा. फायरफॉक्स एका ठरावीक डोमेनची चौकशी करून बघतो. तुमच्या रिझॉल्व्हरने ‘असं काही नाही’ म्हटलं की आपणहून सुरू होणारं डीओएच तो बंद ठेवतो. यूजरने हाताने सुरू केलेलं मात्र याने थांबत नाही. मशीन ऑफिसची असतील तर सर्वांत सरळ मार्ग ब्राउझरच्या पॉलिसीतून डीओएच बंद करण्याचा.

मग डिक्रिप्शन करावं का? दीडशे लोकांच्या ऑफिसात पहिल्या दिवशी तरी नाही, असं माझं मत. त्यासाठी प्रत्येक मशीनवर तुमचं रूट सर्टिफिकेट हवं. जावा आणि पायथनचे प्रोग्राम बऱ्याचदा स्वतःचा वेगळा सर्टिफिकेट-साठा बघतात. अँड्रॉइड ७ पासून ॲप्स यूजरने घातलेलं सर्टिफिकेट आपणहून मानत नाहीत. सर्टिफिकेट पिनिंग करणारी, म्हणजे फक्त ठरावीक सर्टिफिकेटच मानणारी, ॲप्स सरळ तुटतात. बॉक्सवरचा भार वाढतो, आणि माहितीपत्रकातला वेग बहुतेकदा डिक्रिप्शन बंद असतानाचा असतो. आधी अलाऊलिस्ट, म्हणजे हव्या त्या ॲप्सची यादी, नीट बसवा. नंतर गरज वाटलीच तर निवडक कॅटेगरी उघडा, बँक आणि आरोग्य वगळा, आणि हे करतोय असं लोकांना आधी लेखी सांगा.

व्हिडिओ मीटिंगचं कोडं त्या मानाने सोपं आहे. आवाज आणि चित्र यूडीपीवरून जायला बघतं. ती वाट बंद असली की ते टीसीपी ४४३ वर येतं, चालतं, पण अडखळत. टीम्सला यूडीपी ३४७८ ते ३४८१ लागतात, झूमला ३४७८, ३४७९ आणि ८८०१ ते ८८१०. मायक्रोसॉफ्ट आपल्या पत्त्यांची यादी प्रसिद्ध करते, ती बदलत राहते, आणि त्यातल्या ‘ऑप्टिमाइझ’ गटाचं ट्रॅफिक तपासणीत न अडकवता सरळ बाहेर सोडा असा तिचाच सल्ला आहे. इथे मी ॲप-ओळखीच्या भानगडीत पडतच नाही. यादीतले आयपी, ही पोर्ट्स, रूल वर, डीएनएसच्या लगेच खाली. जिथे जायचं ठिकाण पक्कं माहीत आहे तिथे अंदाज बांधायला लावायचा कशाला?

सिग्नेचर अपडेटबद्दलही सांगायला हवं, कारण मी त्यात पोळलोय. एका ठिकाणी सगळं महिनोन्महिने सुरळीत होतं. एके सकाळी हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं क्लाउडशी जुळणं थांबलं. रूल तेच, सर्व्हर तोच. झालं होतं एवढंच की आदल्या रात्री सिग्नेचर अपडेट झाल्या, आणि जे इतके दिवस ‘एसएसएल’ म्हणून जात होतं त्याला स्वतःचं नाव मिळालं. त्या नावाचा रूल नव्हता, म्हणून ते तळाच्या रूलवर पडून अडलं. फायरवॉलने चोख काम केलं होतं. निष्काळजी मी होतो. तेव्हापासून धोक्यांच्या सिग्नेचर लगेच आणि नव्या ॲप्सच्या सिग्नेचर काही दिवस थांबून, यादी वाचून, असं मी विभागून ठेवतो. बॉक्समध्ये ही सोय असेल तर वापरा.

ऑफिसचंच बनवलेलं ॲप ‘अननोन’ दिसत असेल तर त्याची कस्टम सिग्नेचर लिहा. ओव्हरराइड, म्हणजे ओळख न करता हाताने नाव ठरवून टाकणं, हा सोपा मार्ग मोह पाडतो, पण काही बॉक्सवर ओव्हरराइड केलं की आतलं बघणंच थांबतं आणि धोक्यांची तपासणीही त्याबरोबर जाते. वापरलंच तर एक सोर्स, एक ठिकाण, एक पोर्ट एवढ्यापुरतं.

लॉग वाचताना ‘इन्कम्प्लीट’ दिसलं की लोक ॲपचा रूल बदलत बसतात. त्याचा अर्थ सहसा असा की हँडशेकच (सुरुवातीची ती तीन पॅकेट्स) पुरं झालं नाही, किंवा झालं पण पुढे कोणी काही बोललंच नाही. बघायचं ते राउटिंग आणि समोरचा सर्व्हर.

तेव्हा उद्या आधी आयपीव्ही६ बघा. मग त्या रिमोट टूलचं एक ताजं सेशन लॉगमध्ये पकडा आणि तीन रकाने वाचा: ॲपचं नाव काय लागलं, पोर्ट कोणतं, आणि कोणत्या रूलने सोडलं. त्या तिसऱ्या रकान्यात ज्या रूलचं नाव असेल, तोच आधी आवळायचा.